कुंकू लागलेल्या सहा प्लेटा

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. आमच्या घरात राग पिढीजात आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे कोणी पूर्वज घोड्यावरून बेंगळुरात उतरले, तेव्हा तलवार आणि राग एवढंच सामान बरोबर घेऊन आले असावेत. तलवार कुठे गेली कोणास ठाऊक. राग माझ्या वाट्याला आला, आणि बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे.

मी, राजलक्ष्मी, तिथली प्रयोगशाळा सांभाळते. आम्ही पोलादावर चढवायचे लेप बनवतो. त्यातला सगळ्यात लाडका लेप पाणी झटकून टाकणारा. राळेत सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळून तो करतात. लेप दिलेल्या पत्र्यावर थेंब टाकला की तो अळवाच्या पानावरून ओघळावा तसा ओघळून जातो, मागे ओल म्हणून राहत नाही. पाणी नाही म्हणून गंज नाही, खाली प्रायमर नको, वर दुसरा हात नको, एका हातात काम फत्ते, असं आमच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. आमचे प्लांट हेड गिरीराज, पुण्याचे, वय छत्तीस. पाहुणा आला की ते हातात ड्रॉपर घेऊन थेंब नाचवतात आणि पाहुणे लहान मुलांसारखे टाळ्या वाजवतात. थेंब ओघळणं वेगळं आणि पोलाद वाचणं वेगळं, हे मी त्यांना निदान तीनदा तरी सांगितलं होतं. तिन्ही वेळा ते "येस, पॉइंट नोटेड" म्हणाले आणि ड्रॉपर भरायला गेले.

यशवंतपूरला बाजाराच्या बाजूला एक पादचारी पूल व्हायचा होता. त्याचे कठडे आणि जिने रंगवायचं काम आम्हाला मिळायच्या बेतात होतं. अट एकच. लेप दिलेल्या बारा प्लेटा खाऱ्या धुक्याच्या पेटीत हजार तास ठेवायच्या आणि त्यांच्यावर गंज दिसता कामा नये. ही पेटी म्हणजे दुकानातल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरएवढा डबा, फक्त आत थंडीऐवजी मिठाच्या पाण्याचं कोमट धुकं, दिवसरात्र. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. बारा प्लेटा तयार झाल्या, त्यांच्यावरचा लेप वाळला, मी त्या पेटीशेजारच्या स्टँडवर दोन ओळींत उभ्या करून ठेवल्या. पेटीत घातल्या नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती आणि आयुधपूजेला आमच्याकडे कुठलंही यंत्र चालवत नाहीत. धुऊन पुसून त्याला कुंकू लावतात, सेवंतीची माळ घालतात, दारात कोहळा फोडतात आणि चुरमुऱ्यांच्या पिशव्या घेऊन घरी जातात.

कुंकू लावायचं काम गंगव्वाकडे. ती चिकोडीकडची, पन्नाशीची, कंत्राटदाराच्या माणसांपैकी, आमच्याकडे झाडूपोछा करायला होती. मराठी आणि कानडी दोन्ही तिच्या घरचीच. तिची एक सवय होती. विचारल्याशिवाय ती कशाला हात लावायची नाही. फडकं घेऊन दारात उभी राहायची. "अक्का, ह्यो टेबल पुसू काय?" रोज तोच टेबल, रोज तोच प्रश्न. मला कधी कधी त्याचाही राग यायचा.

त्या दिवशी मी फोनवर होते. पलीकडे गिरीराज, दसऱ्याला पुण्याला गेलेले. "अहो, प्लेट्स लोड का नाही केल्या? मशीनला कसली आलीय सुट्टी? दोन दिवस वेस्ट ना!" मी त्यांना समजावत होते की आज बटणाला हात लावला तर खालची माणसं काम सोडून जातील, आणि समजावता समजावता डोकं तापत चाललं होतं. तेवढ्यात गंगव्वा कुंकवाची वाटी घेऊन स्टँडजवळ उभी राहिली. "अक्का, ह्यास्नी बी लावू काय?" मी मान न वळवता हात उडवला. "लावा हो सगळ्यांना, एकदाचं!"

तिने लावलं. पाण्यात कालवलेलं कुंकू प्लेटवर ठरेना, ओघळून खाली गेलं. लेप आमचा पाणी झटकणारा, तो झटकणारच. पूजा अर्धवट ठेवायची नाही म्हणून तिने कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि अंगठ्याने दाबून, घासून, प्रत्येक प्लेटच्या मधोमध एकेक ठसठशीत टिळा उमटवला. पुढच्या ओळीतल्या सहा झाल्या आणि वाटीतलं तेल संपलं.

दसऱ्यानंतर कामावर आले आणि ते पाहिलं. मग काय विचारता. खालच्या शेडमध्ये ग्राइंडर बंद पडावेत एवढ्या मोठ्याने मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा गंगव्वाशी एकेरीवर आले. "अक्कल गहाण टाकलीस काय गं? ही काय देवळातली मूर्ती आहे? कोणी सांगितलं होतं तुला?" माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. गेटवरचा शिवाप्पासुद्धा आला. गंगव्वा भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "अक्का, तुमास्नी इचारलं हुतं की."

आणि मला आठवलं. फोन आठवला, उडवलेला हात आठवला, "सगळ्यांना" हा माझा शब्दही आठवला. आठवलं म्हणूनच मी आणखी मोठ्याने ओरडले. खोटं कशाला बोलू? राग गिरीराजवरचा होता, पण त्यांच्यावर ओरडायची सोय नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

नव्या प्लेटा करून वाळवायला दहा दिवस लागले असते आणि तेवढे दिवस नव्हते. मी मऊ फडक्याने टिळे पुसून घेतले आणि बाराच्या बारा प्लेटा पेटीत घातल्या. दर सोमवारी झाकण उघडून बघायचं असतं. दुसऱ्याच सोमवारी पुढच्या सहा प्लेटांवर, टिळा होता तिथे, तांबूस छटा दिसली. दर सोमवारी ती गडद होत गेली आणि दर सोमवारी मी गंगव्वाच्या नावाने बोटं मोडली. हजार तास भरले तेव्हा मागच्या सहा प्लेटा स्वच्छ होत्या आणि पुढच्या सहांवर अंगठ्याएवढा गंज होता.

मी अहवाल लिहिला. "प्लेट क्रमांक एक ते सहा : सफाई कर्मचाऱ्याने विनापरवानगी हाताळल्यामुळे दूषित. निष्कर्षातून वगळाव्यात." विनापरवानगी. हा शब्द मी लिहिला. माझ्या हाताने लिहिला आणि खाली सही केली. लिहिताना क्षणभर हात थबकला होता हेही सांगते, कारण माझ्या बाजूने बोलण्यासारखं तेवढंच आहे.

गिरीराज खूश झाले. "परफेक्ट! सहापैकी सहा पास. बाकीच्या तर कंटॅमिनेटेडच होत्या."

चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत फडकं घेऊन एक अनोळखी मुलगी आली. गंगव्वा कुठे म्हणून विचारलं तर तिला माहीत नव्हतं. ऑफिसात गेले. तिथला माणूस कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, उनका गेटपास कॅन्सल हो गया. आपकी रिपोर्ट पे ही तो हुआ."

घरी जे. पी. नगरला पोचेपर्यंत मी बसमध्ये मनातल्या मनात सगळ्यांना झोडपलं. गिरीराजना, ऑफिसातल्या माणसाला, कंत्राटदाराला. घरी आल्यावर तेच मोठ्याने सुरू केलं. माझे वडील जयसिंगराव, वय एक्याऐंशी, जेवत होते. त्यांनी चाळीस वर्षं यशवंतपूरच्या एका कारखान्यात लेथ चालवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या घरच्या मराठीत विचारलं, "ती विचारली की नाही तुला?"

"विचारली."

"तू काय म्हणालीस?"

"लावा म्हणाले."

"मग कागदावर काय लिहिलीस?"

त्यांनी भाताचा घास घेतला आणि विषय बदलल्यासारखं म्हणाले, "तो पूल यशवंतपूरचा म्हणतेस न्हवं? तिथल्या जुन्या पुलाच्या जिन्यावर मी चाळीस वर्षं कठडा धरून चढलोय. पोती घेतलेले हमाल, बायका, पोरं, सगळे त्यालाच धरतेत. स्वल्प अंगठा लागला तर तुमचा रंग जातो म्हणतेस, मग काय, हात लावू नका म्हणून बोर्ड लावणार काय तिथं?"

मी म्हटलं, "अंगठ्याने नाही अप्पा, कुंकवाने. तेलाने."

"सरी, असू दे. कुंकवाने," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी त्याच घाण्यातली एक शिल्लक प्लेट काढली. साबणाने हात धुतले, कोरडे केले. कुंकू नाही, तेल नाही. नुसता अंगठा. दाबून पन्नास वेळा घासला, यशवंतपूरच्या कठड्यावर गर्दीच्या वेळी पाच मिनिटांत एवढे हात सहज पडत असतील. मग वर थेंब सोडला. बाकी प्लेटवरून थेंब पळाला, अंगठ्याच्या जागी मात्र पसरला आणि तिथेच बसून राहिला. ती प्लेट पेटीत घातली. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर मधोमध तसाच तांबूस डाग.

कुंकवाचा दोष नव्हता, तेलाचा नव्हता, गंगव्वाचा तर नव्हताच. आमचा लेप माणसाचा अंगठा सोसू शकत नव्हता. त्याचं पाणी झटकणं वरच्या, नखाएवढ्याही जाड नसलेल्या खरखरीत थरावर अवलंबून होतं. तो थर घासला गेला की खाली प्रायमर नाही, दुसरा हात नाही, सरळ उघडं पोलाद. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. जी गोष्ट पंधरा वर्षं या धंद्यात काढलेल्या मला पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती, ती गंगव्वाच्या अंगठ्याने तपासली होती. त्या बाईने आमच्यावर उपकार केले होते आणि आम्ही तिला हाकललं होतं.

ती प्लेट मी गिरीराजच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती दोन बोटांत उचलून पाहिली. "ओके. पण लिसन, राजलक्ष्मी. स्पेकमध्ये सॉल्ट स्प्रे आहे, हजार तास आहेत. अंगठा कुठे आहे स्पेकमध्ये? दाखवा मला."

"पुलाच्या कठड्याला लोक हात लावणार नाहीत तर काय ओवाळणार त्याला?"

"ते मेंटेनन्सवाले बघतील. वी आर पासिंग द टेस्ट." मग ते खुर्चीत मागे रेलले आणि आवाज मऊ केला. मऊ आवाजाची माणसं मला मुळीच सोसत नाहीत. "आणि एक सांगू? रीझन तुम्हीच लिहिलंयत. हाउसकीपिंग. विनापरवानगी. सही तुमची. आता चेंज केलंत तर तुम्हीच खोट्या ठरता. माझं काय जातंय?"

हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं, आणि खरं होतं म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फर्मान माझ्या अक्षरात होतं.

"ठरू दे खोटी," मी म्हटलं.

दुपारपर्यंत दुसरा अहवाल लिहून काढला. पहिला मागे घेतला. बारापैकी सहा प्लेटा नापास, कारण लेप घर्षण सोसत नाही, सोबत अंगठ्याच्या चाचणीचे फोटो. विनापरवानगी हा शब्द चुकीचा होता, परवानगी मीच दिली होती, हेही लिहिलं. एक प्रत गिरीराजना, एक ऑफिसात, एक पुलाच्या लोकांना. पाठवा बटण दाबलं तेव्हा मला वाटलं, झालं, फेडलं. रविवारी मी हेब्बगोडीला गंगव्वाच्या घरी गेले, ही आनंदाची बातमी सांगायला. हो, आनंदाची. मी चक्क मोसंबी घेऊन गेले होते.

तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. लेपच खोटा होता, तुमचा दोष नव्हता, मी कागद बदलला, तुमचा पास परत होईल. तिने ऐकून घेतलं. मोसंब्यांची पिशवी तिच्या आणि माझ्या मधे जमिनीवर होती.

"त्यो कागुद कुणी कुणी वाचला अक्का?"

"सरांनी. ऑफिसने. पुलाच्या लोकांनी."

"आनि त्या दिशी तुमी वरडलासा, त्ये कुणी ऐकलं?"

मी वाकून पिशवी तिच्या बाजूला सरकवली.

"समद्यांनी ऐकलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काम मिळालंय मला. तुमच्या फुडच्या गल्लीत, पॅकिंगच्या कंपनीत. त्येची काळजी करू नगासा. पर त्यो शिवाप्पा हाय न्हवं गेटावरचा, त्यो अजूनबी माज्या जावंला सांगतोय, गंगव्वानं न इचारता कंपनीच्या मालाला कुंकू फासलं म्हणून. माज्या हाताला वळण न्हाई म्हणून. अक्का, म्या आजपत्तुर न इचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावल्याला न्हाई. माज्या घरात बी लावत न्हाई. त्येवढं सांगा. समद्यांफुडं सांगा. वरडून सांगा, तुमास्नी येतंय की वरडाया."

"सांगते," मी म्हटलं.

"कवा?"

"उद्या. सकाळी."

"म्या येतो गेटाजवळ. साडेनऊला माजी शिफ्ट हाय, त्याच्या आत व्हाया पायजे." तिने पिशवी उचलून माझ्या हातात दिली. मोसंबी तिने ठेवून घेतली नाहीत.

आमच्याकडे रोज नऊला, काम सुरू व्हायच्या आधी, सगळे आवारात ओळीने उभे राहून सुरक्षेची शपथ घेतात. सोमवारी शपथ झाल्यावर मी पुढे गेले. साठ-सत्तर माणसं होती. गिरीराज कॉफीचा कप घेऊन कडेला उभे होते. गेट बंद होतं, शिवाप्पा त्याच्या खुर्चीवर होता, आणि गेटच्या गजांपलीकडे रस्त्यावर, खांद्याला डब्याची पिशवी लावून, गंगव्वा उभी होती. तिच्याकडे पास नव्हता.

ओरडायची मला सवय आहे, पण ते दुसऱ्याची चूक सांगताना. मी कानडीत सुरुवात केली, कारण खालची बहुतेक माणसं कानडी. आवाज पहिल्या ओळीच्याही पुढे गेला नाही. मागून कोणीतरी "जोरात, मॅडम" म्हणालं. तेव्हा मला राग आला. माझाच. घसा साफ केला आणि सुरू केलं. दसऱ्याच्या वेळी प्लेटांना कुंकू लागलं ते मला विचारून लागलं. मीच लावा म्हणाले. नंतर तिने मला तसं सांगितलं, मला ते आठवलं, तरी मी तिच्यावर ओरडले. कागदावर मी खोटं लिहिलं. तिचा पास माझ्या खोट्यामुळे गेला.

"राजलक्ष्मी," गिरीराज पुढे आले. "धिस इज नॉट द फोरम. माझ्या केबिनमध्ये या. नाऊ."

"येते. बोलून झालं की येते. सही करायला फोरम लागला नव्हता, ओरडायला लागला नव्हता, आता कशाला पाहिजे?" हे मी मराठीत म्हटलं, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. ओळीत कोणीतरी हसलं. मी पुन्हा कानडीवर आले आणि शिवाप्पाकडे तोंड केलं, अंगात होता नव्हता तेवढा आवाज लावून. "या गंगव्वाने इथे आठ वर्षांत एकदाही, न विचारता..."

"ओंबत्तु!" गेटच्या बाहेरून आवाज आला. सगळ्या माना तिकडे वळल्या. गंगव्वाने दोन्ही हातांनी गज धरले होते आणि तिचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. "नऊ, अक्का! नऊ वर्सं! बरोबर सांगा!"

"नऊ," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले.